साहेबांच्या नावाची मूठ

यंदा कानबाई आपल्या घरी बसवायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी माझ्या देवघरात सरकार येऊन बसेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी तो विचार तिथल्या तिथे तुळशीला वाहून मोकळी झाले असते.

मी मुळात व्रतवैकल्यातली बाई. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा (पद्मालय जवळच आहे, त्याला टाळून कसं चालेल?), गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी आणि रविवारी ही जेवते, असं आमचे हे पाहुण्यांना सांगतात. ते खरं नाही. बुधवारी मी एकवेळच जेवते.

आमचं गाव एरंडोलपासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, कारण भाऊबंद वाचतील. (आता वाचू शकतील, असं म्हणायला हवं. ती सोय मीच करून ठेवली आहे.)

गावात ब्रॉडबँड आलेलं नव्हतं. अगदीच नव्हतं म्हटलं तर सरकारवर अन्याय होईल. ते फाट्यापर्यंत आलेलं होतं. काळ्या वायरीचं हे एवढं वेटोळं फाट्यावर येऊन पडलं होतं आणि एसटीची वाट बघणारी माणसं त्याच्यावर बसायची. बसायला मऊ होतं. त्या अर्थाने योजनेचा लाभ तळागाळापर्यंत पोचलेला होता.

वायर फाट्यावर अडली, कारण फाट्याच्या पुढे रस्त्याला दोन गल्ल्या फुटतात. वायरीच्या शेवटी एक यंत्र बसवायचं असतं, आणि त्याला कोरडी, कुलूप लागणारी, वीज असलेली जागा लागते. ग्रामपंचायतीचं कार्यालय गळतं. सगळं नाही गळत, सरपंचाच्या खुर्चीवर तेवढं गळतं. पण यंत्र नेमकं तिथेच ठेवायचं होतं. मग जागा कुठली? वरच्या गल्लीचे कौतिकआबा, म्हणजे माजी सरपंच, म्हणाले, "वरच्या गल्लीत." खालच्या गल्लीचा हितेंद्र, म्हणजे आताचा सरपंच, म्हणाला, "खालच्या." आबा आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, हितेंद्र आमचा पुतण्या. एकाच घराण्याचे. गेल्या निवडणुकीपासून दोघं एकमेकांच्या दारावरून जाताना मान अशी काही फिरवतात, की दोघांनाही मानेचा पट्टा लागला. (पट्टा मात्र दोघांनी एकाच डॉक्टरकडून घेतला. तिथे एकमत आहे.)

जळगावहून भूषणसाहेब यायचे. ब्रॉडबँडचे साहेब. चाळीसगावकडचे, सरळमार्गी माणूस. त्यांनी किती बैठका बोलावल्या! बैठकीला खुर्च्या वेळेवर यायच्या. आबा आले की हितेंद्रला जळगावात तातडीचं काम निघायचं. हितेंद्र आला की आबांचं पोट बिघडायचं. आणि पंचायत समितीचे सदस्य रतिलालनाना, तेही आमचेच भाऊबंद, दोन्ही वेळेला हजर राहून दोन्ही वेळेला एकच सांगायचे, "मी दोन्ही बाजूंचा आहे."

"म्हणजे यंत्र कुठे ठेवू, नाना?" साहेब विचारायचे.

"योग्य जागी ठेवा," नाना म्हणायचे आणि चहा प्यायचे.

शेवटी साहेबांनी हात टेकले. श्रावण संपायच्या आत दोन्ही बाजूंच्या सह्यांचा ठराव आला नाही, तर वेटोळं उचलून पुढच्या गावाला देणार, असं सांगून ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझं यात काय अडलं होतं? माझी सून अडली होती.

मयुरी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. विम्याचं काहीतरी आहे; लोकांच्या गाड्या ठोकल्या जातात आणि ही त्यांचं समाधान करते. आमच्या घरी रेंज एकाच ठिकाणी येते, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ टेकली की. त्यामुळे सूनबाई लॅपटॉप मांडीवर, छत्री मानेत आणि टाकीला पाठ लावून दिवसभर बसायची. "आता तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" असं तिला एकदा मुंबईच्या माणसाने विचारलं, तेव्हा आमच्या ह्यांनी खाली मोटर सुरू केली होती आणि टाकी वाहत होती.

कंपनीने सांगितलं, राखीपौर्णिमेनंतर घरात पक्की लाइन नसेल तर पुण्याला येऊन बसा. नवीन, माझा मुलगा, त्याचं एरंडोलला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. तो म्हणाला, "आई, ती एकटी कशी राहील? मलाही जावं लागेल." त्याने पुण्यात एक खोलीही बघून ठेवली.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बघू." (लग्नापासून हे हेच म्हणत आले आहेत. लग्न ठरवतानाही हेच म्हणाले होते, असं सासूबाई सांगायच्या.)

मग मी कानबाईला नवस बोलले. नवसाला आवडती वस्तू सोडावी लागते. माझ्याकडे सोडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. पेरू सोडला होता, नवीन दहावीला होता तेव्हा. वांगं सोडलं होतं, त्याच्या लग्नासाठी. (खानदेशात वांगं सोडणं म्हणजे भगवी वस्त्रं घेण्यासारखंच आहे. भरताच्या पार्टीला मी नुसती भाकरी घेऊन बसते आणि लोक माझ्याकडे बघून हळहळतात.) राहता राहिला मोबाईल. संध्याकाळी सुनेचं काम संपलं की टाकीला पाठ लावून मी व्रतकथा बघायची. एवढं एकच सुख. मी हात जोडले, "आई कानबाई, यंत्र गावात येऊ दे, पोरं घरात राहू दे. यंत्र आलं की पुढच्या वर्षीच्या कानबाईपर्यंत मी पडद्याकडे डोळा उचलून बघणार नाही." नवस कुणाला बोलून दाखवला तर त्याचं फळ जातं, म्हणून कुणालाच सांगितला नाही. (लिहिलेलं बोलण्यात धरत नाहीत. हे मीच ठरवलं आहे.)

आता कानबाई. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ती घरी येते. नारळाची देवी, तिला साडी नेसवायची, नथ घालायची, चौरंगावर बसवायची. आणि तिच्या प्रसादाचे रोट करायचे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा, त्याचे रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, उष्टे टाकायचे नाहीत. आमच्या घराण्याचं आणखी एक आहे: ज्याच्या ज्याच्या नावाची मूठ पडली तो पंगतीला बसल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही, आणि एकदा बसला की पंगत संपेपर्यंत उठायचं नाही.

आमच्यात निवडणुकीने गल्ल्या वेगळ्या केल्या, दूध डेअरी वेगळी केली, गणपती वेगळे केले. पण कानबाई वेगळी करायची छाती कुणाची झाली नाही. म्हणजे बघा, आबा आणि हितेंद्र वर्षातून एकदा एका ओळीत बसतात आणि उठू शकत नाहीत! सरकारला इतक्या बैठकांत जे जमलं नाही ते कानबाई ताटं मांडून करते.

यंदा पाळी हितेंद्रच्या घरची होती, पण त्याची बायको बाळंतपणाला माहेरी. मी पाळी मागून घेतली आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, रविवारी दुपारी या. दोघांना एका ओळीत बसलेले दाखवते."

"वहिनी, खरंच बसतील? गेल्या वेळेस मी दोघांना वेगवेगळ्या तारखा सांगूनही दोघं आले नव्हते."

"तुम्ही ठरावाचा कागद तेवढा आणा," मी म्हणाले. "तुमचं जेवण ओसरीवर करते. वरणभात, शिरा."

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. मला राजकारण येतं असंही क्षणभर वाटलं. तीच चूक झाली.

गहू मोजायच्या दिवशी झुंबरआक्का चौरंगाजवळ येऊन बसल्या. आक्का म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. घराण्यात सगळ्यांत मोठ्या; दोन्ही गल्ल्या त्यांना भितात. मी एकेका नावाने मूठ टाकत होते. "आबांची, आबांच्या मोठ्याची, धाकट्याची, हितेंद्रची, रतिलालनानांची, नवीनची, ह्यांची (ह्यांचं नाव मी घेत नाही, कानबाईला माहीत आहे ते कोण)…" आणि डोक्यात सकाळपासून एकच घोळत होतं, साहेब येतील ना, साहेब वेळेवर येतील ना. तोंडातून निघालं, "…साहेबांची," आणि हात उघडला.

गहू खाली गेला.

"कोन्ही मूठ?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही, आक्का. संपलं."

हे खोटं नव्हतं. माझं खरोखरच संपलं होतं.

स्वयंपाकघरात मी मयुरीला गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, एवढंच ना? एक मूठ परत काढून घ्या."

"देवीच्या नावाने टाकलेलं काढत नाहीत गं."

"मग अनडू काहीच नाही?"

"देवाधर्मात अनडू नसतं. उद्यापन असतं," मी म्हणाले आणि रडकुंडीला आले. परक्या माणसाच्या नावाची मूठ! ते रोट कोण खाणार? मग मी नेहमी करते तेच केलं. देवीवर सोडलं.

रविवारी साहेब आले. बॅग पोटाशी धरून ओसरीवर बसले. आत पंगत बसली. एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला हितेंद्र, दोघांचेही चेहरे भिंतीकडे. मध्ये रतिलालनाना, दोन्ही बाजूंचे. खीर वाढली, गंगाफळाची भाजी वाढली, कटाची आमटी वाढली. आक्का ज्याच्या त्याच्या नावाचे रोट ज्याच्या त्याच्या ताटात ठेवत गेल्या. ताटं संपली. परातीत एक ढीग उरला.

"हाऊ ढीग कोन्हा शे?"

सगळे आपापल्या ताटातले रोट मोजू लागले.

"बठ्ठा जन बठनात ना? मंग हाऊ कोन्हा? इंदिरा!"

"आक्का, पीठ जास्त झालं असेल…" मी म्हणाले.

"खोटं नको बोलू. कानबाई मव्हरे बठेल शे."

मी देवीकडे पाहिलं. नथ हलल्यासारखी वाटली. मी सगळं सांगून टाकलं.

"परक्या माणसाची मूठ?" आबा ओरडले. "आता ते रोट खाईल कोण?"

"आणि ते खाल्ल्याशिवाय आपण कसं खायचं?" हितेंद्र म्हणाला. निवडणुकीनंतर आबांच्या बोलण्याला जोडून त्याने काढलेलं हे पहिलं वाक्य. दोघांनाही ते लक्षात आलं आणि दोघांनी घाईने भिंतीकडे पाहिलं.

आक्कांनी परात पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मूठ पडनी ना? मंग तो आते घरना. आना त्याले आत."

साहेबांना आत आणलं, शर्ट काढायला लावला, पाटावर बसवलं. बॅग त्यांनी सोडली नाही. उघड्या अंगावर बॅग धरून बसलेले साहेब बघून मयुरी स्वयंपाकघरात पळाली.

"एक मिनिट," हितेंद्र म्हणाला. "घरचे झाले हे ठीक. पण कुठल्या गल्लीचे?"

"वरच्या!" आबा म्हणाले. "मना दारवरथीन उनात ते!"

"गाडी खालच्या गल्लीत लावलीय त्यांनी!"

"अहो, मी चाळीसगावचा आहे," साहेब म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

"साहेब दोन्ही बाजूंचे आहेत," रतिलालनाना म्हणाले, आणि त्यांचा हात नकळत रोटाकडे गेला. आक्कांनी उलथन्याने तो मागे सारला.

"भाऊबंद म्हना तर हिस्सा लागस," आक्का म्हणाल्या. "बिनहिस्साना भाऊबंद मी देखा नही. याले कोन काय देस, ते सांगा. मंग जेवा."

हिस्सा म्हटल्याबरोबर आबा आणि हितेंद्र यांनी भिंतीकडची मान फिरवून थेट एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकच होतं: आपल्या बांधाची ढेकूळसुद्धा द्यायची नाही. अशी एकी आमच्या घराण्यात वाडवडिलांच्या जमिनीच्या दाव्यानंतर दिसली नव्हती. खीर थंड होत होती. नानांच्या पोटातून आवाज आला. तोही दोन्ही बाजूंना ऐकू गेला.

"आक्का," साहेब हळूच म्हणाले, "मला जमीन नको. हिस्सा द्यायचाच असेल तर एक कोपरा द्या. कोरडा. यंत्रापुरता."

"कोन्हा घरमा?"

पुन्हा दोन्ही टोकांनी तोंडं उघडली. आक्कांनी उलथनं वर केलं.

"इंदिरानी मूठ, तर इंदिराना घरमा हिस्सा. देवघरना कोपरा. कोरडा शे, कुलूप शे, इन्व्हर्टर शे."

आबांनी हितेंद्रकडे पाहिलं. हितेंद्रने आबांकडे पाहिलं. आमचं घर वरच्या गल्लीत नाही आणि खालच्याही नाही, फाट्याच्या तोंडाशी आहे. इतके दिवस ते कुणाला दिसलं नव्हतं. दोघांचे चेहरे उजळले. आपल्याला मिळालं नाही याचं दुःख केव्हाच विरलं. त्याला मिळालं नाही, एवढं समाधान दोघांना पुरेसं होतं.

"चालेल," आबा म्हणाले.

"चालेल," हितेंद्र म्हणाला.

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," नाना म्हणाले.

आमचे हे काहीतरी बोलायला गेले. "बघू" असावं. पण तोवर घास मोडला गेला होता.

पंगत संपताच कुणी उठायच्या आत साहेबांनी बॅग उघडली आणि ठरावाचा कागद फिरवला. त्यावर आबांची सही आहे, हितेंद्रची आहे आणि कटाच्या आमटीचा एक डाग आहे. तो नानांचा; दोन्ही सह्यांच्या बरोबर मध्ये.

निघताना साहेबांनी शर्टाची बटणं लावत आक्कांना विचारलं, "आक्का, आता मी भाऊबंद झालो म्हणजे… सुतकही लागेल का?"

"लागी ना! मुंडन बी करनं पडी."

साहेबांनी आक्कांच्या वयाकडे एकदा पाहिलं आणि "आक्का, तब्येतीला जपा" असं अगदी मनापासून म्हणाले.

राखीपौर्णिमेच्या आत वेटोळं फाट्यावरून उठलं. एसटीवाल्यांनी थोडी तक्रार केली. आता बसायला काही नाही. यंत्र माझ्या देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी बसलं. हिरवे दिवे लुकलुकतात. तार ओढायला आलेल्या माणसाला मी चपला बाहेर काढायला लावल्या आणि यंत्राला हळदकुंकू लावलं. "कुंकू हवेच्या भोकात नको, मावशी," एवढं तो म्हणाला.

मयुरी टाकीवरून खाली उतरली. नवीनने पुण्याच्या खोलीला नाही कळवलं. तिच्या कंपनीतले लोक आता आरतीच्या वेळेला मीटिंग ठेवत नाहीत. एक जण तर आरती झाली का म्हणून आपणहून विचारतो. माझं घर भरलेलं राहिलं. आई कानबाईने शब्द पाळला.

आता माझा शब्द पाळायचा होता.

उद्घाटनाला मुंबईहून एक मोठ्या मॅडम पडद्यावर आल्या. धोरण ठरवणाऱ्या. नेत्यांना एकत्र आणणाऱ्या गृहिणीशी त्यांना बोलायचं होतं. माझ्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला हितेंद्र, मागे ओसरीभर गाव. मयुरीने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि मी डोळे गच्च मिटले.

"नमस्कार ताई! मी दिसतेय का?"

"नाही."

"आवाज येतोय ना?"

"येतोय हो. गोड आहे."

"मग समोर बघा ना, ताई!"

"ते तेवढं जमणार नाही," मी म्हणाले. कारण सांगावं तर नवसाचं फळ जाणार. फळ तर आत देवघरात लुकलुकत होतं. मी आणखी घट्ट मिटले. साहेबांना घाम फुटल्याचं डोळे मिटूनही कळत होतं.

"काकू घाबरतात मॅडम," हितेंद्र म्हणाला.

"पहिल्यांदाच बघते आहे ती," आबा म्हणाले. हितेंद्रच्या बोलण्याला जोडून!

मॅडम फार हळहळल्या. वायर पोचली, पण माणूस पोचला नाही, असं काहीसं म्हणाल्या. आठवड्याच्या आत आदेश आला: या गावातल्या महिलांना पडद्याची भीती घालवण्याचं प्रशिक्षण द्यावं. ग्रामपंचायतीत विषय आला. आबा आणि हितेंद्र दोघंही हजर होते, कुणाचं पोट बिघडलं नाही, कुणाला जळगावात काम निघालं नाही. पहिलं नाव माझं घालायचं, हा ठराव एकमताने, रोटांशिवाय, चहा येण्याच्या आत मंजूर झाला. रतिलालनानासुद्धा पहिल्यांदाच एका बाजूला गेले.

धुळ्याहून दिपमाला नावाची गुणी मुलगी शिकवायला येते. वर्ग माझ्याच ओसरीवर भरतो. मी पहिल्या रांगेत बसते, डोळे मिटून. बाकीच्या सगळ्या जणी पुढच्या वर्गात गेल्या. झुंबरआक्का तर आता बोटाने सरसर वर ढकलत व्रतकथा बघतात, माझ्याच आवडत्या, आणि आवाज मोठा ठेवतात.

आणि अधूनमधून माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणतात, "इंदिरा, भिऊ नको व. डोया उघाड. पडद्यावरनी देवी काही खाई टाकस नही तुले."